आबांची काळी पेटी: पलटणीतला फोनो कोणाचा असायचा?

वसनाकाठ (कोरेगाव, सातारा):

नमस्कार मंडळी. मी कोरेगाव तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, आता घरीच असते. इथे जुन्या वस्तूंबद्दल जाणकार लिहितात म्हणून विचारते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

यंदा पावसाआधी जुन्या घराची कौलं उतरवली. पोटमाळ्यावर घोंगडीत गुंडाळलेली एक काळी पेटी निघाली. आकार बेताच्या सुटकेसचा, पण उचलली की जड लागते. वरून काळं रेक्झिन, धरायला मूठ, कड्या गंजलेल्या. झाकण उघडलं तर आत फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन. तबकडी फिरते त्या चकतीवरची मखमल कसरीने खाल्ली आहे, पण कुत्र्याचा शिक्का अजून स्वच्छ दिसतो. चावी आतच होती. सुयांची एक पत्र्याची डबी, आतल्या सुया गंजून एकमेकींना चिकटलेल्या. पाच रेकॉर्डी, त्यातल्या दोन फुटक्या. उरलेल्या तीनपैकी एक अभंगाची, एक नाटकातल्या पदांची बालगंधर्वांची. तिसरीवर कुत्रा तोच आहे, पण इंग्रजी अक्षरात काहीतरी भलतंच लिहिलंय, वाचता येतं पण अर्थ लागत नाही.

पेटी माझ्या आजोबांची. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. १९४१ साली बेळगावला मराठा पलटणीत भरती झाले, लढाईला इटलीत होते, १९४६ च्या उन्हाळ्यात घरी आले. लढाईबद्दल फार बोलायचे नाहीत. 'तारांतूला बोटीतून उतरलो' आणि 'सांग्रो नदीचा चिखल', एवढी दोन वाक्यं मी त्यांच्या तोंडून कैक वेळा ऐकली. तिसरं वाक्य कधी आलं नाही. १९९१ ला गेले.

आबांची धाकटी बहीण, आमची अक्काआत्या, आहे अजून. ९२ वर्षांची. पेटी खाली आणली तेव्हा तिने मुठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हा दादाचा फोनो." मग तिने सांगितलं ते मला नवंच होतं. थोरले आजोबा प्रतिसरकारच्या मंडळींना रात्रीच्या भाकरी पोचवायचे. पोलीस दोनदा घर उलथंपालथं करून गेले होते. आणि त्याच घरातला धाकटा भाऊ इंग्रजांच्या पलटणीत. आबा परत आले तेव्हा थोरले आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी संध्याकाळी आबांनी ओट्यावर ही पेटी मांडली, चावी दिली आणि अभंग लावला. थोरले गोठ्यातून आले, हात धुतले, आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. अभंग संपल्यावर म्हणाले, "परत लाव." भावाशी पहिला शब्द तो.

आता विचारायचं ते विचारते. भावकीत एक बोलणं आहे, की आबांनी ही पेटी कुठल्या गोऱ्या साहेबाची उचलून आणली. मागच्या वर्षी लग्नात एका चुलत्यांनी चार पाहुण्यांसमोर ते हसत सांगितलं. मला फार लागलं ते. सोसायटीच्या दुकानात वजनात जास्त आलेली अर्धा शेर साखर परत द्यायला भर उन्हात चालत गेलेला माणूस तो. पण मला उत्तर देता आलं नाही, कारण साध्या शिपायाकडे फोनो कुठून येणार, हे मलाही कळत नव्हतं. अशा पेट्या खरंच सैनिक लढाईवर नेत होते का? त्या सरकारी असायच्या की स्वतःच्या? आणि ही दुरुस्त होईल का? चावी फिरवली की नुसती फिरत राहते, घट्टच होत नाही. अक्काआत्याला एकदा ऐकायची आहे.

मिरजेचा फिटर:

ताई, सगळ्यात आधी हात जोडून सांगतो, ती चावी आता फिरवू नका.

मी साखर कारखान्यात फिटर होतो, फोनो दुरुस्तीचा नाद तीस वर्षांचा. चावी नुसती फिरते याचा अर्थ आतली मेन स्प्रिंग तुटली आहे, किंवा तिचं टोक मधल्या आकड्यातून निसटलंय. बहुतेक वेळा आतल्या टोकाजवळच तुटते, कारण तिथे वळसा सगळ्यात आवळ असतो. दुरुस्त होतं हे. पण स्प्रिंगचा डबा घरी कुणाला उघडू देऊ नका. ती कित्येक हात लांब पोलादी पट्टी गुंडाळून कोंबलेली असते, सुटली तर बोटं फाडते. माझ्या डाव्या अंगठ्यावर खूण आहे.

तुमच्या वर्णनावरून पेटी एचएमव्हीची, म्हणजे 'हिज मास्टर्स व्हॉइस'ची, १०२ नंबरची वाटते. आत धातूची बारकी पट्टी असेल, त्यावर १०२ आणि पुढे एखादं अक्षर बघा. हे मॉडेल १९३१ साली निघालं आणि लढाईनंतरही बरीच वर्षं बनत राहिलं. त्याआधीचं १०१, ते १९२५ चं. दोन्ही फिरतीसाठीच केलेली. बाहेर कर्णा नाही. कर्णा पेटीच्या पोटात दुमडलेला असतो, आवाज मागच्या अंगाने वर येतो आणि उघड्या झाकणावर आपटून पुढे येतो. म्हणून झाकण पुरतं उघडल्याशिवाय ती पेटी नीट बोलत नाही.

सैनिक नेत होते का म्हणता, तर अशा पेटीचा बोलबाला झाला तोच लढाईमुळे. लंडनच्या बार्नेट सॅम्युअल कंपनीने १९१४ साली 'डेका' नावाची पेटी काढली. तिच्या झाकणातच एक खोलगट वाटी बसवलेली, आवाज तिच्यावरून बाहेर फेकला जायचा. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं आणि फ्रान्समधल्या खंदकांत ती डेका पोचली. याच नावाची रेकॉर्ड कंपनी पुढे १९२९ मध्ये निघाली. विचार करा, वीज नको, तार नको, बॅटरी नको. चावी दिली की तीन मिनिटं गाणं. चिखलात बसलेल्या माणसाला याहून सोयीचं दुसरं काय असणार?

अडचण फोनोची नव्हती, रेकॉर्डीची आणि सुयांची होती. जुनी रेकॉर्ड लाखेची. हो, आपल्याच पळस-कुसुंबाच्या झाडावरची लाख, तीच शुद्ध करून जगभर जायची. त्यात दगडाची पूड मिसळलेली. उन्हात ठेवली तर पापडासारखी वाकते, हातातून पडली तर खापरी. आणि ती पूड मुद्दाम असते. पोलादी सुई रेकॉर्डच्या पहिल्या काही फेऱ्यांत झिजून खाचेच्या आकाराची होते. म्हणून नियम एकच: एक बाजू, एक सुई. तीच सुई दुसऱ्यांदा लावली तर रेकॉर्ड खरवडून निघते. लढाईवर माणसं एकेका सुईवर दहा-दहा बाजू वाजवायची, म्हणून त्या काळातल्या रेकॉर्डी इतक्या खरखरतात. तुमचीही खरखरेल, मन घट्ट करून ऐका.

दुसऱ्या महायुद्धात तर लाखेचीच टंचाई झाली. अमेरिकेने १९४२ मध्ये रेकॉर्डीसाठी लागणाऱ्या लाखेवर मोठी कपात लावली. मग १९४३ पासून त्यांच्या लष्कराने सैनिकांसाठी खास 'व्ही-डिस्क' काढल्या, त्या लाखेऐवजी व्हिनाइलाइट नावाच्या न फुटणाऱ्या पदार्थाच्या. बारा इंची, एका बाजूला सहा मिनिटांपर्यंत गाणं. ऐंशी लाखांहून जास्त तबकड्या गेल्या. १९४९ ला ते काम बंद झालं आणि मूळ साचे नष्ट करून टाकले. आपल्या पोरांना मात्र घरून नेलेल्या लाखेच्या तबकड्या, त्याही कपड्यांच्या घडीत जपून.

तिसऱ्या रेकॉर्डवरची अक्षरं 'ला व्होचे देल पाद्रोने' अशी आहेत का बघा. तसं असेल तर ती इटलीतली. त्याच कंपनीचा इटालियन शिक्का, अर्थ तोच, मालकाचा आवाज.

आणखी एक. कुणी 'जुन्या वस्तू घेतो' म्हणून दारात आला तर पेटी दाखवू नका. पितळी भोंग्याचे चकचकीत 'अँटिक' फोनो विकायला असतात ना, त्यांच्यात मोटर घालायला अशाच खऱ्या पेट्या फोडतात. मी फोडलेल्या पेट्यांचे नुसते सांगाडे पाहिलेत. फार वाईट वाटतं.

सेवानिवृत्त सुभेदार (सातारा):

जय हिंद, ताई. फिटरसाहेबांनी यंत्राचं सांगितलं, मी पलटणीचं सांगतो. मी स्वतः मराठ्यात होतो, माझे वडीलही. ते दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत होते, केरेनच्या डोंगरात.

तारांतू आणि सांग्रो म्हणजे तुमचे आबा ८ व्या हिंदी डिव्हिजनमध्ये असणार. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतोला उतरली आणि नोव्हेंबरात सांग्रो ओलांडली. मराठ्यांची पहिली बटालियन, आपली जंगी पलटण, तिच्यातच होती. पुढे ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवर घालून आणलं आणि एकट्याने मशीनगनची ठाणी बंद पाडली. ते कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तुमच्या आबांनी हे सगळं जवळून पाहिलं असेल. न बोलणाऱ्या माणसांनी फार पाहिलेलं असतं.

आता पेटी. सैन्यात वस्तू तीन तऱ्हेच्या. सरकारी, लोकांनी भेट म्हणून पाठवलेली, आणि जवानाची स्वतःची. सरकारी मालावर बाणाची खूण असते, तीन रेघांची, कोंबडीच्या पावलासारखी. लाकडावर डागलेली, धातूवर ठोकलेली. ही खूण पेटीवर कुठेही असेल तर ती सरकारी, नसेल तर नाही. आतून-बाहेरून नीट बघा, मुठीखाली आणि तळालासुद्धा. साहेब लोकांच्या पेट्यांवर बहुधा त्यांचं नाव आणि पलटण पांढऱ्या रंगात घातलेली असायची, कारण सामान बोटीने जायचं. तसं नाव खरवडलेलं दिसतंय का तेही बघा.

शिपायाने एकट्याने घेतली असेल हे मला अवघड वाटतं. वडील सांगायचे, भरती झालो तेव्हा महिना १८ रुपये. त्यातले घरी मनिऑर्डर. अशा पगारात फोनो कुठला?

आणि खंदकात, शत्रूच्या नजरेखाली, फोनो वाजत नव्हता. पलटण आठ-पंधरा दिवस पुढे राहायची, मग मागे विसाव्याला यायची. आंघोळ, कपड्यांच्या उवा मारणं, घरची पत्रं, आणि गाणं. पेटी कंपनीच्या गाडीत किंवा डोंगरात खेचराच्या पाठीवर. वडील म्हणायचे, विसाव्याच्या दिवसांत घरची आठवण सगळ्यात जास्त यायची, पुढे असताना नाही.

आमच्या शेजारचं अपशिंगे गाव तुम्हाला ठाऊक असेलच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान गेले. गावात स्मारक आहे. सातारची घरं अशी आहेत, ताई. तुमच्या चुलत्यांना चार शब्द सांगायला या म्हणालात तर येईन.

तासगावकर:

ताईंच्या प्रश्नाशी थेट संबंध नाही, पण फोनो आणि हिंदी सैनिक म्हटल्यावर राहवत नाही. पहिल्या महायुद्धात याच यंत्राने उलटंही काम केलं. बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फ गावात जर्मनांची कैद्यांची छावणी होती, तिला अर्धचंद्र छावणी म्हणत. तिथे आपले पकडलेले सैनिक होते. जर्मन भाषाअभ्यासकांनी १९१५ ते १९१८ या काळात त्यांना कर्ण्यापुढे उभं करून त्यांच्या बोली, गोष्टी, गाणी तबकड्यांवर घेतली. त्या आजही बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहेत. त्यात माल सिंग नावाचा एक पंजाबी शिपाई आहे, डिसेंबर १९१६ चा. आपलीच हकिगत 'एक माणूस होता' अशी सांगतो. हिंदुस्थानात लोणी खायचा, युद्धात आला, जर्मनांनी पकडला, आता त्याला परत जायचंय. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. गाणं ऐकायला मिळालं ते सैनिक सुखी म्हणायचे.

वसनाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. फिटरदादा, चावीला हात लावलेला नाही. पट्टीवर १०२ आहे. आणि तिसऱ्या रेकॉर्डवर तुम्ही लिहिलंत तीच अक्षरं. मी इतक्या वेळा ती वाचली आणि कुत्र्याखालची म्हणून कंपनीचंच नाव असेल हे डोक्यात आलं नाही.

सुभेदारसाहेब, काल दुपारभर भिंग घेऊन बसले होते. नातू टॉर्च धरून. बाणाची खूण कुठेही नाही. तळाला नाही, मुठीखाली नाही, चकती उचलून बघितली तिथेही नाही. नाव खरवडल्याची खूणही नाही. पण झाकणाच्या आत एका कोपऱ्यात दुकानदाराचा कागदी शिक्का आहे, अर्धा गेलाय, 'बेलगाम' एवढं इंग्रजीत शिल्लक आहे.

म्हणजे पेटी इटलीत कुणाची उचललेली नाही. बेळगावहून इथूनच गेली आणि इथेच परत आली. मला रात्री हे लक्षात आलं आणि मी अंथरुणात उठून बसले.

अजून आहे. फुटक्या रेकॉर्डचे तुकडे टाकवेनात म्हणून त्यांच्या खाकी पाकिटातच परत ठेवत होते, तर पाकिटात घडी केलेला कागद. शाई फिकी, लिहिलेलं मोडीत. मला मोडी येत नाही. फक्त सगळ्यात खाली आकडे दिसतात आणि काही ओळींच्या आधी फुल्या. फोटो टाकते आहे. कुणाला वाचता येईल का?

मोडीवाचक (सांगली):

ताई, वाचला. अक्षर सुंदर आहे, शाळेत नीट शिकलेल्या हाताचं, कुठे अडखळायला झालं नाही. फक्त घडीवरची एक ओळ गेली आहे.

वर 'श्री'. मग बेळगाव मुक्काम, मार्गशीर्ष, आणि सन १९४२. त्याखाली सरळ लिहिलंय, 'फोनोकरिता वर्गणी'. पुढे तेरा नावं, प्रत्येकासमोर गाव आणि रक्कम. अकरा जणांचे पाच-पाच रुपये, दोघांचे तीन-तीन. बेरीज ६१. ती बरोबर आहे. त्याखाली, 'जुना घेतला, सुया डबी एक सोबत'. मग रेकॉर्डींचा हिशोब वेगळा, तो गेलेल्या ओळीत अडकलाय.

सुभेदारांनी पगार लिहिलाय म्हणून सांगतो, अठरा रुपयांतले पाच म्हणजे पाव पगाराहून जास्त. तेही घरी पैसे पाठवून.

तुमच्या आबांचं नाव नववं. त्यांचे तीन रुपये आहेत. पण नावापुढे आणखी दोन शब्द आहेत, 'चावी यांजकडे'.

फुल्या चार नावांना आहेत. त्या वेगळ्या शाईने, नंतर घातलेल्या. आणि त्यातल्या एका फुलीशेजारी, मोडीत नाही, बाळबोध अक्षरात, हात वेगळा, 'सांग्रो' एवढंच.

गावं लिहितो, नावं इथे उघड लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना आधी कळायला हवं. तुम्हाला खासगी निरोपात सगळी यादी दिली आहे. गावं अशी: खटाव, पुसेसावळी, दोन वाठारचे, एक तासगाव भागातला, एक भिलवडीजवळचा, बाकी कोरेगाव-सातारा तालुक्यातले. तेव्हा तासगाव, भिलवडी हे सगळं सातारा जिल्ह्यातच होतं, जिल्हा तुटला १९४९ साली. म्हणजे कागदावरची ही तेराही माणसं एकाच जिल्ह्याची.

तासगावकर:

तासगाव भागातल्या माणसाला फुली आहे का? असेल तर मला गाव आणि नाव खासगीत कळवा. मी स्वतः जाऊन चौकशी करतो.

सेवानिवृत्त सुभेदार (सातारा):

वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तेरा जणांची वर्गणी म्हणजे ती बहुधा एकाच बरॅकची किंवा एका सेक्शन-प्लाटूनची मंडळी. पेटी सगळ्यांची, पण चावी एकाकडे, हे अगदी पलटणीच्या रिवाजाचं आहे. चावी ज्याच्याकडे त्याने ती जपायची, स्प्रिंगला जास्त पीळ पडू द्यायचा नाही, कुणाची रेकॉर्ड आधी यावरून भांडण झालं तर निवाडा करायचा. सगळ्यांचा ज्याच्यावर भरोसा त्याच्याकडेच चावी देतात. तीन रुपये भरणाऱ्याकडे दिली, बघा. सुटका होताना बाकीच्यांनी पेटी त्यांनाच नेऊ दिली असणार.

ताई, चुलत्यांकडे मला नेऊ नका आता. हा कागद घेऊन जा.

मिरजेचा फिटर:

ताई, कोरेगावहून पॅसेंजरने मिरजेला या. पेटी मांडीवर धरा, खाली ठेवू नका, डब्याच्या हादऱ्याने आतले लाकडी जोड सुटतात. रेकॉर्डी उभ्या धरा, आडव्या एकावर एक नको. नवीन सुयांचं पाकीट पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं माझ्याकडे आहे. बुधवारी-रविवारी त्या बाजारात जातो तेव्हा आणखीही बघून ठेवतो.

वसनाकाठ:

उशीर झाला लिहायला. सांगते सगळं.

मागच्या सोमवारी मिरजेला जाऊन आले. फिटरदादांच्या घरी ओसरीवरच काम झालं. स्प्रिंग आतल्या टोकापासून चार बोटांवर तुटली होती. त्यांनी तुटका तुकडा काढून टाकला, उरलेलं टोक लाल तापवून मऊ केलं, त्याला नवं भोक पाडलं आणि वाकवून आकड्यात बसवलं. जुनं ग्रीस डांबरासारखं झालं होतं, ते रॉकेलने धुऊन काढलं. गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारा भाग, मला त्यांनी समजावून सांगितला. तीन बारीक गोळे पातळ पट्ट्यांवर. वेग वाढला की ते बाहेर फाकतात, एक चकती सरकते आणि नमद्याच्या तुकड्याला घासून वेग पुन्हा मिनिटाला ७८ फेऱ्यांवर येतो. वीज नाही, काही नाही, तीन गोळे स्वतःच सांभाळून घेतात. वर्गात मुलांना हे दाखवायला मिळायला हवं होतं. सुई बसते त्या साउंडबॉक्समधलं रबर दगड झालं होतं, तेही बदललं. त्यांनी पैसे घेतले ते फक्त रबराचे आणि सुयांचे.

स्प्रिंग थोडी आखूड झाली, म्हणून एक बाजू पूर्ण व्हायच्या आधी आवाज जड होऊ लागतो. मधेच चार पीळ द्यावे लागतात. दादा म्हणाले, नवी स्प्रिंग मिळेपर्यंत असंच चालवा.

परवा संध्याकाळी अक्काआत्याला ओट्यावर खुर्चीत बसवलं. नवी सुई लावली. अभंगाची रेकॉर्ड खरखरली, खूप खरखरली, मग त्यातून आवाज वर आला. आत्या हलली नाही. शेवटाकडे आवाज जड झाला तशी मी उठायच्या आत तिने हात पुढे केला आणि चावी फिरवायला लागली. चार पीळ. मोजून. मी विचारलं, तुला कसं कळलं चार? म्हणाली, "दादा अस्संच करायचा. हा आधीपासूनच असाच." म्हणजे स्प्रिंग तेव्हाही आखूड होती. फिटरदादांना फोन करून विचारलं, तर म्हणाले, शक्य आहे, इटलीतच कुणीतरी एकदा तोडून जोडली असेल. दुसरं भोक जुनंच दिसत होतं, मी म्हटलं नव्हतं तुम्हाला.

मग इटालियन रेकॉर्ड लावली. एक बाई गाते, ऑपेरातलं असावं, फार उंच आवाज. आत्या म्हणाली, ही दादा कधी लावत नव्हता. नुसती काढून पुसायचा आणि परत ठेवायचा.

चुलत्यांना कागद दाखवला. मोडीवाचकांनी लिहून दिलेलं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं गं." चहा घेतला, आणि निघताना म्हणाले, पुढच्या वेळी आत्या ऐकेल तेव्हा मलाही बोलव. मी बोलावणार आहे.

पाच रुपये ज्यांनी भरले त्यांच्या घरच्यांना हे कळायला हवं असं मला सारखं वाटतंय. सहा गावांना पत्रं टाकली, ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर, नाव आणि कागदाची प्रत घालून. तासगावकरांनी त्यांचं काम माझ्याआधी केलं. त्या घरी एक फोटो आहे, पलटणीतला, आणि बाकी काही नाही. गेलेल्या माणसाचं सामान कधी परत आलंच नव्हतं.

काल भिलवडीजवळच्या गावातून फोन आला. सांग्रोची फुली ज्यांच्या नावापुढे आहे, त्यांची नात बोलत होती, माझ्याच वयाची. आजोबांना गाणं आवडायचं हेसुद्धा घरात कुणाला माहीत नव्हतं म्हणाली. फुटकी रेकॉर्ड कोणाची होती, त्यांची का, असं तिने विचारलं. गेलेल्या ओळीत तेच असेल कदाचित. मोडीवाचकांनी कागद सांगलीला घेऊन यायला सांगितलंय, उजेडावर धरून पुन्हा बघतील.

रविवारी सकाळच्या गाडीने निघते आहे. पेटी, तीन रेकॉर्डी, नव्या सुया, आणि ते तुकडेही घेतलेत.